बहात्तर अंशांचं दूध

चूक बहात्तरांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या घरात चूक कोणाची हे ठरेपर्यंत चहा गार होतो, तो परत तापवावा लागतो, आणि शेवटी चूक शेगडीची निघते. म्हणून इथे सुरुवातीलाच. बायकोची नाही, लेकीची नाही, डॉक्टरबाईंची नाही, जंतूंची तर मुळीच नाही. बहात्तरांची.

बहात्तर हे त्यांचं वय नव्हे. (वयाने ते बरेच लहान होते, वागायला बरेच मोठे.) अख्खी नोकरी त्यांनी एका दूध डेअरीत काढली, आणि तीही एकाच खात्यात. कच्चं दूध यायचं, ते बहात्तर अंशांपर्यंत तापवायचं, पंधरा सेकंद तिथंच धरायचं, लगेच गार करायचं. दुधातले रोगजंतू मरतात, दूध पिणारे मरत नाहीत. एवढंच काम. पण ते काम बहात्तरांनी असं केलं की जणू सगळ्या गावाच्या आणि मरणाच्या मधे ते एकटे उभे आहेत, हातात थर्मामीटर घेऊन. कोणी दारात दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "बहात्तर झाले का?" त्यावरून हे नाव पडलं. रिटायर होताना डेअरीने त्यांना एक थर्मामीटर दिला, मखमली खोक्यात. दुसऱ्या कोणी तो कपाटात ठेवला असता. बहात्तरांनी तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि घराचं खातं हातात घेतलं.

मग काय, दूध तापव, पाणी तापव, सूप तापव, उरलेलं सूप पुन्हा तापव. लेक एकदा म्हणाली, "बाबा, आईस्क्रीम तेवढं सोडा." त्यांनी सोडलं, पण मनापासून नाही.

आता किडनीचं. कारण या गोष्टीत खरं पणाला लागलं होतं ते तेच.

बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर खुर्चीत बसून रक्त धुऊन घेणारी बाई किती दिवस तग धरणार, असं नातेवाईक दारातच, चपला घालता घालता बोलायचे. (नातेवाईकांना आवाज खाली आणायचं कधी सुचत नाही.) तपासण्या झाल्या आणि बहात्तरांची किडनी जुळली. त्यांनी दिली. एका शब्दाने का-कू केली नाही, ऑपरेशनच्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत गेले. ही गोष्ट मोठी होती. ती कोणी नाकारत नाही.

पण मोठ्या माणसांचं एक असतं. आयुष्यात एकदा मोठेपणा करतात आणि उरलेलं आयुष्य त्याचं व्याज खातात.

पंखा तीनवर की दोनवर, असा वाद झाला की बहात्तर म्हणायचे, "ठीक आहे. ज्याने पोटातला गोळा काढून दिला त्याला पंखा सांगायचा अधिकार नसेल, तर नसो." लेकीने दाराची कडी जोरात लावली, तर, "मी एका किडनीवर जगतोय, जरा हळू." बायको घाईने जिना उतरली तर वरून हाक यायची, "अगं, सांभाळून! माझी आहे ती!"

यावर बायको एकदा थांबून, मान वर करून म्हणाली होती, "दिलीत की ठेवायला दिलीत, एकदा काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. पण प्रत्येक भांडणाच्या शेवटी किडनी निघायची, आणि किडनी निघाली की भांडण संपायचं. तिच्यापुढे कोण काय बोलणार? बायकोकडे उत्तर नव्हतं, लेकीकडे तर नव्हतंच, कारण लेकीने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं आणि ती आता कुरिअरच्या गोदामात खोकी लावायची. बहात्तरांच्या मते कॉलेज सोडलेल्या माणसाला मत नसतं, फक्त जेवण असतं.

दुसऱ्याची किडनी शरीरात घातली की शरीर म्हणतं, ही कोण? आणि तिच्यावर तुटून पडतं. ते तसं पडू नये म्हणून बायकोला रोज गोळ्या होत्या, शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली दाबून ठेवणाऱ्या. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. कच्चं काही नाही, उघड्यावरचं काही नाही, गर्दीतून आलं की घरात मास्क, आणि नवीन काहीही, अगदी खोकल्याची गोळीसुद्धा, मला विचारल्याशिवाय नाही. सगळं तापवून.

"सगळं तापवून," हे शब्द ऐकून बहात्तरांना भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा विज्ञान त्यांच्या बाजूने बोललं होतं. पुढचे कितीतरी महिने त्या घराचा सुवर्णकाळ होता. थर्मामीटर खिळ्यावर टिकतच नव्हता.

मग ते भाषण झालं.

पेन्शनर मंडळाच्या हॉलमधे एक प्राध्यापिका आल्या. विषय होता आतडं आणि प्रतिकारशक्ती. बहात्तर पहिल्या रांगेत बसले, कारण पहिल्या रांगेतल्यांना चहा आधी मिळतो असा त्यांचा अनुभव होता. बाईंनी पडद्यावर आतड्याचं चित्र लावलं आणि सांगितलं की शरीराच्या फौजेचा फार मोठा भाग इथे, आतड्याच्या भिंतीमागे, तळ देऊन बसलेला असतो. रोज आपण काहीबाही खातो, तेव्हा परकं काय आणि आपलं काय, हे तिथे ओळखावं लागतं. आणि ते ओळखायला शिकवतं कोण? जिवाणू. त्यातही दूध आंबवणारे, लॅक्टिक आम्ल तयार करणारे. ते आतड्याच्या पेशींशी अक्षरशः बोलतात, बाई म्हणाल्या. त्यांच्या इशाऱ्यावर भिंतीच्या विटा एकमेकींना घट्ट धरतात, बुळबुळीत थरात संरक्षण करणारी प्रथिनं सोडली जातात, आणि फौजेला कळतं की कुठे तुटून पडायचं आणि कुठे गप्प बसायचं.

बहात्तर गप्प बसले. दूध आंबवणारे म्हणजे त्यांचेच. रोज टाकीच्या टाकी भरून त्यांनी मारलेले. ते जंतू म्हणजे शत्रू, एवढंच त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी ते इमानाने केलं. आता या वयात कोणीतरी पडद्यावर त्यांचे फोटो लावून म्हणत होतं की हे मास्तर होते. निष्पाप मास्तर. कोट्यवधी.

(त्यांचे डोळे ओले झाले होते, असं शेजारी बसलेल्या एका रिटायर्ड बॉयलरवाल्याने नंतर सांगितलं. त्याच्या मते ते झोपेमुळे होते.)

मध्यंतर झालं. चहा झाला. चहाच्या रांगेत त्या बॉयलरवाल्याशी वाफेच्या दाबावरून बहात्तरांचं वाजलं. ते इतकं वाजलं की दोघंही बाहेर बाकावर जाऊन नीट भांडायला बसले. आत भाषणाचा दुसरा भाग झाला. दुसऱ्या भागात त्या प्राध्यापिकांनी तीन गोष्टी सांगितल्या. जिवाणूंची प्रत्येक जात वेगळी, एकीचा गुण दुसरीला चिकटवू नका. जितकं बोललं जातं तितकं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांना जिवंत जिवाणू डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही देऊ नका.

बहात्तर तेव्हा बाकावर वाफेचा दाब जिंकत होते.

अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे पुष्कळ बघितलेत. बहात्तर अर्ध्या भाषणाने झाले. घरी जाताना औषधाच्या दुकानात थांबले आणि त्यांनी लॅक्टिक जिवाणूंच्या पुड्यांचं एक खोकं घेतलं.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्याच किडनीसाठी," बहात्तर म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं.

घरी लेकीने खोकं बघितलं. "हे काय आणलंत?"

"आईच्या आतड्याला. फौज जागी करायची आहे."

"डॉक्टरबाईंना विचारलंत?"

"हे बघ," बहात्तर म्हणाले, "शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्याने आतड्यात बोलू नये."

"आतड्यात नाही बोलत, स्वयंपाकघरात बोलतेय. त्या म्हणाल्या होत्या नवीन काहीही—"

"नवीन काय आहे यात? दूध आंबतं हे जगाला माहितीये. तुझी आजी काय डॉक्टरला विचारून दूध आंबवायची?"

"आजीला दुसऱ्याची किडनी नव्हती."

"दुसऱ्याची नाही! माझी!"

निघाली किडनी. लेक गोदामाच्या शिफ्टला निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "निदान आईला सांगून द्या." बहात्तरांनी मान हलवली. म्हातारी माणसं मान हलवतात ती हो म्हणून की विषय संपावा म्हणून, हे ज्याला कळेल त्याला घरात कधीच त्रास होणार नाही.

बायकोला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी दूध पातेल्यात घ्यायचे, त्यात पुडी सोडायचे, ढवळायचे. आणि मग हात आपोआप खिळ्याकडे जायचा. थर्मामीटर पातेल्यात, गॅस मंद, डोळे काट्यावर. सवय ती सवय. डेअरीत पंधरा सेकंद धरायचे, पण घरच्या पातेल्यात दूध सगळीकडे सारखं तापत नाही, म्हणून ते चांगलं सावकाश धरायचे, वर झाकण. मग थर्मासमधे भरून बायकोच्या उशाशी.

"आज दुधात काय घातलंय?" बायको विचारायची.

"प्रेम," बहात्तर म्हणायचे.

"ते पिठूळ लागतंय."

पण ती प्यायची. आणि बहात्तर बघायचे. तिला झोप बरी लागली, तर पुडी. भाकरीचा अर्धा तुकडा जास्त खाल्ला, पुडी. लेकीवर ओरडली, तीही पुडी, अंगात ताकद आल्याशिवाय माणूस ओरडत नाही. ते स्वतःही तेच दूध अर्धा कप घ्यायचे, आणि त्यांना आतून वाटायला लागलं की आपल्या भिंतीच्या विटा घट्ट झाल्या आहेत. मग कशाला मास्क? सकाळी ते बागेतल्या बाकावर पेन्शनरांच्या घोळक्यात तसेच जाऊन बसायला लागले. तिथे तेव्हा सर्दीची साथ होती. एक खोकायचा, दुसरा शिंकायचा, तिसरा पहिल्याच्या रुमालाने नाक पुसायचा.

"तुम्हाला कसं काही होत नाही हो?" बॉयलरवाल्याने नाकातून विचारलं.

"आतडं," बहात्तर म्हणाले. आणि घरी येऊन शिंकले.

"सर्दी झाली का?" लेकीने विचारलं.

"धूळ."

दुसऱ्या दिवशीही धूळ होती. मग घसाही धुळीनेच बसला. आणि मग एक दिवस दुपारी बायको कपडे वाळत घालता घालता खाली बसली, आणि तिच्या कपाळाला हात लावल्यावर बहात्तरांना थर्मामीटर लागला नाही.

ताप होता.

साधा ताप दुसऱ्या घरात दोन दिवसांनी उतरतो. या घरात ताप म्हणजे बॅग भरून ठेवलेली असते. लेक गोदामातून तशीच आली, अंगावर कंपनीचा निळा टी-शर्ट, खोक्यांच्या चिकटपट्टीचे तुकडे बाह्यांना. तिघं हॉस्पिटलमधे पोचले. बायकोला आतल्या खोलीत घेतलं, काचेपलीकडे. हाताला सुई लावली, रक्त घेतलं, घशात बोळा फिरवून घेतला. काचेच्या अलीकडे बहात्तर बायकोकडे बघत उभे राहिले, आणि पहिल्यांदाच ते जिच्याकडे बघत होते ती किडनी नव्हती. ती बायको होती. ओठ सुकलेली, केस कपाळाला चिकटलेली, आणि तरी नर्सला सांगत असलेली की चादर नीट खोचा.

डॉक्टरबाई आल्या. "गोळ्या वेळेवर?"

"हो."

"काही कच्चं? बाहेरचं?"

"नाही. सगळं बहात्तरला," बहात्तर म्हणाले.

"नवीन काही चालू केलंय? काढा, पूड, टॉनिक?"

बहात्तरांनी काचेकडे बघितलं. लेकीने बहात्तरांकडे बघितलं.

"बाबा, सांगा."

"तसं काही नाही. म्हणजे..."

"बाबा."

"म्हणजे दुधातून. आतड्याच्या फौजेसाठी. लॅक्टिक—"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बहात्तरांना बरं वाटलं असतं. त्यांना ओरडणाऱ्यांशी बोलता यायचं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "घराभोवती राखणीचे कुत्रे आहेत असं समजा. तुम्ही त्यांना जागं करायला निघालात. आम्ही इथे त्यांना गोळ्या देऊन झोपवतोय. का? कारण ते नीट जागे झाले तर पहिल्यांदा कोणाला चावतील? घरात आलेल्या परक्याला. तो परका म्हणजे तुमची किडनी."

बहात्तरांचा हात आपसूक कुशीवर गेला, जिथे ती पूर्वी होती.

"हे एक. आता दुसरं. कुत्रे झोपलेले आहेत, आणि त्याच वेळी तुम्ही घरात जिवंत पाहुणे सोडलेत. पाहुणे चांगले असतीलही. तुमच्या माझ्या पोटात ते काही करणार नाहीत. पण यांच्यासारख्या पेशंटमधे, क्वचित का होईना, ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतात. शिरले तर हाकलायला कोण आहे? रक्तात जंतू वाढतात का बघायला ते लॅबमधे पाठवलंय. त्यात काही उगवतं का ते कळायला वेळ लागेल. तोवर मी औषध चालू करते."

"आणि उगवलं तर?" लेकीने विचारलं.

"तर लढू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ही लढाई त्यांच्यावर आणायची गरज नव्हती."

इतकं सरळ वाक्य बहात्तरांना कोणी कधी ऐकवलं नव्हतं. ते भिंतीला टेकले. काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि आयुष्यभराची एकच गोष्ट येते म्हणून, ते म्हणाले, "मी स्वच्छतेत कुठे कमी पडलो नाही हो. पुडी दुधात घातली की बहात्तरला तापवायचो. रोज."

निघालेल्या डॉक्टरबाई दारातून परत आल्या. "काय म्हणालात? तापवून मग पुडी, की पुडी घालून मग तापवायचात?"

"पुडी घालून. पुडी कुठकुठल्या हातांतून आलेली, तशीच कशी देणार?"

"किती वेळ?"

"सावकाश धरायचो. झाकण ठेवून."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात ठेवला. "म्हणजे तुम्ही यांना जंतू दिले, पण देण्याआधी मारले?"

लेकीच्या तोंडून एक आवाज आला. हसू होतं की रडू, तिलाच कळलं नसावं.

इथे कोणीही शहाणा माणूस सुटलो म्हणाला असता. बहात्तर शहाणे नव्हते, तज्ज्ञ होते. त्यांचा चेहरा आणखी उतरला. "नाही हो डॉक्टर. तसं नाही. पाश्चराइज करणं म्हणजे सगळे मारणं नव्हे. रोगजंतू मरतात. बाकीचे बरेच मरतात. पण काही चिवट टिकतात. म्हणून तर तापवलेलं दूधही शेवटी नासतं. मी कशाच्या जोरावर सांगू की सगळे मेले?"

काच थोडी सरकलेली होती. आतून बायकोचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "अहो, आयुष्यभर सांगत आलात मरतात, मरतात. आजच कसे जिवंत ठेवताय?"

हे तिला आत्ता कळत होतं. दुधातलं प्रेम कसलं होतं, ते. काचेपलीकडून तिने नवऱ्याकडे असं बघितलं की बहात्तरांनी नजर खाली घातली आणि स्वतःच्या चपला मोजल्या. दोन होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक बायकोचे कपडे घ्यायला घरी आले. बहात्तर सरळ स्वयंपाकघरात गेले. डेअरीत विरजण कामाचं आहे की मेलंय हे बघायची एक साधी रीत होती. दुधात घाला, ऊब द्या, वाट बघा. जिवंत असेल तर दूध लागतं, दही होतं. मेलं असेल तर दूध दूधच राहतं.

दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत उकळून कोमट केलेलं दूध. एकीत पुडी तशीच. दुसरीसाठी त्यांनी वेगळ्या पातेल्यात पुडी घातलेलं दूध तापवलं, रोज करायचे तसंच, तेवढंच, झाकण ठेवून, आणि गार करून वाटीत ओतलं. तापवताना त्यांनी थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला. काटा कुठे आहे ते त्यांना नीट दिसेना.

"बाबा, मी वाचते," लेक म्हणाली. "बहात्तर झालेत."

तिच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यासारखे ते दचकले.

"पण ती पहिली वाटी कशाला? तशीच घातलेली?"

"पुडीच मुळात मेलेली असेल तर? सगळ्याच जाती दूध लावत नाहीत. पहिली लागली तरच दुसरीच्या न लागण्याला अर्थ." मग थांबून म्हणाले, "हे मात्र मला भाषण न ऐकता माहिती होतं."

"मग ते भाषण ऐकायचं राहिलेलं कुठलं?"

"दुसरा भाग."

"म्हणजे मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि तुम्ही भाषण." ती वाट्या खिडकीतल्या उन्हात फडक्यात गुंडाळत होती. "फरक एवढाच की माझ्या अर्ध्या कॉलेजने कोणाला ताप आला नाही."

एरवी यावर किडनी निघाली असती. निघाली नाही.

दिवसभर बहात्तर हॉस्पिटल आणि स्वयंपाकघर यांच्यात फिरले. हॉस्पिटलमधे ताप मोजायचा, घरी दूध. तिकडे तोंडात थर्मामीटर, इकडे वाटीवरचं फडकं बाजूला करून वाकून बघायचं. ज्या माणसाने आयुष्यभर दूध नासू नये म्हणून वाट बघितली, तो आज एका वाटीला म्हणत होता, लाग बाई, लाग, आणि दुसरीला म्हणत होता, लागू नकोस, तुझ्या पाया पडतो. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं. लेकीने बघितलं, दारात उभं राहून. ती हसली नाही. बाप ओट्याशी उकिडवा बसला होता आणि वाटीच्या काठाला धरून, कोणाला तरी, अगदी हळू सांगत होता, "तिला काही होऊ देऊ नका. मी मधे बोलणार नाही पुन्हा." कोणाला सांगत होता? देवाला म्हणावं तर बहात्तरांचं देवाशी फारसं बोलणं नव्हतं. बहुतेक जंतूंनाच.

ऊन उतरल्यावर त्यांनी पहिली वाटी तिरकी केली. दूध हललं नाही. कडेला थोडं पाणी सुटलेलं, वर गुळगुळीत पांढरी कवडी. लागली होती.

त्यांनी दुसरी वाटी उचलली. डोळे मिटले. तिरकी केली.

दूध बोटांवरून ओघळून ओट्यावर पसरलं, पातळ, खाली फरशीवर, त्यांच्या पायावर.

"एकही नाही," बहात्तर म्हणाले. "पोरी, एकही नाही!" आणि ते तिथेच, सांडलेल्या दुधात, बसून रडले. लेकीने त्यांना फडकं दिलं. ते त्यांनी डोळ्यांना लावलं, मग फरशीला, मग चुकून परत डोळ्यांना.

जरा वेळाने ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तिला पाजलेलं सगळं वाया?"

"बाबा! तुम्हाला ते जिवंत हवे होते का मेलेले, एकदा ठरवा."

"नाही, मेलेलेच. मेलेलेच चांगले. पण एक विचारायचं म्हणून."

डॉक्टरबाईंनाही त्यांनी ते विचारलंच. त्या म्हणाल्या, तुमच्या वाट्यांनी मला धीर आला, पण मी रक्ताच्या रिपोर्टवरच विश्वास ठेवीन. बहात्तर म्हणाले, ठेवा, पण मेलेल्या जंतूंचाही थोडा उपयोग होत असेल ना? डॉक्टरबाई म्हणाल्या, होतो असं काही संशोधक म्हणतात, त्यावर काम चालू आहे, आणि तुम्ही पुन्हा दुकानात गेलात तर मी तुम्हालाच ॲडमिट करीन.

रिपोर्ट आला. रक्तात काहीही उगवलं नव्हतं. बायकोचा ताप तोवर उतरणीला लागला होता. किडनीचे आकडे जागच्या जागी.

"मग ताप कशाचा?" लेकीने विचारलं.

"घशातला बोळा तपासला. सर्दीचा विषाणू, साधाच. तुम्हाला मला दोन दिवस नाक गळतं, यांना ॲडमिट व्हावं लागतं." डॉक्टरबाईंनी कागद दुमडला. "घरात सर्दी कोणाला झाली होती?"

बायको उशीला टेकून बसली होती. ती नवऱ्याकडे बघत होती. लेक बघत होती. नर्सही बघत होती, तिचा काही संबंध नसताना. बहात्तरांनी मास्क नाकावर नीट ओढला, श्वास धरला, डोळे पाण्याने भरले, मान मागे गेली, आणि मास्कच्या आत, दाबून, तरी खोलीभर ऐकू जाईल असे ते शिंकले.

"धूळ," लेक म्हणाली.

बायको घरी आली. थर्मामीटर खिळ्यावरून उतरून मखमली खोक्यात गेला, खोकं कपाटात, कपाटाची किल्ली बायकोच्या उशीखाली. पुड्या लेकीने टाकून दिल्या. बहात्तर बाकावर जायचे थांबले. घरात काही दिवस असं शांत होतं की शेजारच्यांनी येऊन सगळं ठीक आहे ना विचारलं.

पहिलं भांडण झालं ते अर्थातच पंख्यावरून. बायकोला दोनवर हवा होता, बहात्तरांना एकवर. आवाज चढले. बहात्तर उठून उभे राहिले, छाती पुढे काढली, आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. ज्या माणसाने स्वतःच्या पोटातला—"

बायकोने उशाशी असलेला थर्मास उचलला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

बहात्तरांनी थर्मासकडे बघितलं. मग त्यांनी पंखा दोनवर केला.

किडनी बायकोच्या पोटात आहे आणि नीट चालू आहे. बहात्तरांना ती आता भांडणात काढता येत नाही.